टॉरेंट चालू ठेवून घरचं नेट सुरळीत कसं केलं

9 ऑगस्ट 2025 ला डेबियन 13 ही मोफत लिनक्स प्रणाली आली. नवी आवृत्ती आली की सुरुवातीचे काही आठवडे तिच्या फायली वाटायला जितके संगणक मिळतील तितके कमीच पडतात. म्हणून घरातल्या जुन्या डेस्कटॉपवर क्यूबिटटॉरेंट (टॉरेंटने, म्हणजे थेट एकमेकांच्या संगणकांवरून, फायली देणारं-घेणारं सॉफ्टवेअर) टाकून डेबियनच्या आयएसओ (इन्स्टॉल करायच्या फायली) आणि किविक्सच्या (विकिपीडियासारख्या साइट ऑफलाइन वाचायची सोय) काही झिम फायली सीडिंगला लावल्या, म्हणजे इतरांना वाटायला ठेवल्या. हे दोन्ही प्रकल्प स्वतःच टॉरेंट देतात, त्यामुळे हक्काचा प्रश्न नव्हता. सिनेमे आणि मालिकांची गोष्ट वेगळी. खालच्या सेटिंग्ज तिथेही चालतील, पण कायदाही लागू होईल.

सप्टेंबर लागेपर्यंत घरात नेटच्या तक्रारी सुरू झाल्या. लक्षणं तेव्हाच लिहून ठेवली होती, ती पुढे फार कामाला आली. व्हिडिओ कॉलवर समोरच्याचं बोलणं नीट ऐकू यायचं, पण इकडचा आवाज त्याला तुटक जायचा. यूपीआयचं पान फिरत राहायचं. यूट्यूब मात्र एकदा सुरू झालं की बिनतक्रार चालायचं. स्पीड टेस्टमध्ये डाउनलोड कधी 90 एमबीपीएस, तर दहा मिनिटांनी 12. आणि राउटर बंद करून चालू केला की तासभर सगळं झकास.

यातल्या शेवटच्या गोष्टीमुळे बहुतेकांना राउटर खराब झाल्याची शंका येते. तरी नवा घेण्याची घाई करू नये.

4 सप्टेंबरला सेवा देणाऱ्या कंपनीकडे तक्रार नोंदवली. तक्रार केल्यावर मिळणारा डॉकेट क्रमांक जपून ठेवा. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) 2012 च्या नियमांनुसार तो देणं बंधनकारक आहे, आणि समाधान झालं नाही तर त्याच क्रमांकावर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. तिथे निकालाला 39 दिवसांपर्यंत लागू शकतात, त्यामुळे तारखा लिहिलेल्या बऱ्या. तंत्रज्ञ दोन दिवसांनी आला. त्याने फायबरची पॉवर मोजली, ती उणे 21 डीबीएम भरली. उणे 27 च्या खाली घसरली तर काळजी, म्हणजे लाइन ठणठणीत. ओएनटीवर (फायबर जिथे जोडतात तो कंपनीचा डबा) लाल दिवा नव्हता. लॅपटॉप केबलने थेट जोडून त्याने स्पीड टेस्ट घेतली, 94 आली. तक्रार बंद करायला ओटीपी मागितला आणि जाताना 200 एमबीपीएसचा प्लॅन घ्यायला सुचवलं: महिन्याला 250 रुपये जास्त, 18 टक्के जीएसटी धरून 295. ओटीपी देण्याआधी संध्याकाळी नऊला, टॉरेंट चालू असताना काय होतं ते एकदा स्वतः मोजून बघा. दुपारी तंत्रज्ञासमोर लाइन नेहमी शहाण्यासारखीच वागते.

मोजमापाला पैसे पडत नाहीत. विंडोजवर दोन कमांड प्रॉम्प्ट उघडले. पिंग म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणं. एकात पिंग लिहून राउटरचा पत्ता 192.168.1.1, दुसऱ्यात पिंग लिहून बाहेरच्या इंटरनेटवरचा 1.1.1.1, आणि दोन्हीकडे शेवटी उणे टी, म्हणजे थांबवेपर्यंत आकडे येत राहतात. टॉरेंट बंद असताना राउटरचा पिंग 1 मिलिसेकंद, बाहेरचा 8. क्यूबिटटॉरेंट सुरू केल्यावर मिनिटभरात बाहेरचा 850 ते 1000 वर गेला, केबलने जोडलेल्या लॅपटॉपवरून राउटरचा मात्र 1 च राहिला. अडथळा घरात नसून घरातून बाहेर जाणाऱ्या वाटेवर आहे, हे इथेच कळलं.

प्लॅन 100 एमबीपीएसचा असला तरी या जोडणीत अपलोड बराच कमी आहे. दिवसा 19 एमबीपीएस, रात्री नऊ-दहाच्या गर्दीत 16. टॉरेंटच्या सेटिंगमध्ये अपलोडची मर्यादा शून्य होती आणि तिथे शून्याचा अर्थ ‘अमर्याद’. सॉफ्टवेअर जमेल तितका डेटा बाहेर ढकलतं, लाइन 16 च घेते, उरलेला ओएनटीच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, रांग लावतो. दोन मेगाबाइटची रांग 16 एमबीपीएसवर रिकामी व्हायला बरोबर एक सेकंद लागतो. पिंगचा आकडा हेच सांगत होता. टोलनाक्यावर ट्रकांच्या मागे रुग्णवाहिका अडकावी तसं आपल्या कॉलचं छोटंसं पॅकेट त्या रांगेच्या शेवटी उभं राहतं. डाउनलोड घसरण्याचं कारणही तेच: खाली येणाऱ्या डेटाची पोच वरच्या दिशेने द्यावी लागते. पोच रांगेत अडकली की पाठवणारा सर्व्हर आपोआप हात आखडता घेतो. म्हणूनच 200 चा प्लॅन घेऊन फरक पडला नसता, जोवर त्यात अपलोड वाढत नाही तोवर. आणि वाढलं असतं, तरी अमर्याद टॉरेंटने तेही भरून टाकलं असतं. या दुखण्याला जाणकार ‘बफरब्लोट’ म्हणतात. संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांनी 2010 च्या सुमारास हे नाव रूढ केलं.

13 सप्टेंबरला पहिला उपाय केला, क्यूबिटटॉरेंटमध्ये: टूल्स, ऑप्शन्स, स्पीड. इथे एककाचा घोळ होतो. कंपनी मेगाबिटमध्ये बोलते, क्यूबिटटॉरेंट केआयबी प्रति सेकंदमध्ये (एक केआयबी म्हणजे 1,024 बाइट, एक बाइट म्हणजे 8 बिट). एक एमबीपीएस म्हणजे सुमारे 122 केआयबी. त्याच्या ऐंशी टक्के ठेवायचे असतील तर सोपा हिशेब: अपलोडच्या एमबीपीएसला 100 ने गुणा. आणि हे अपलोड दिवसाचं नको, सर्वांत वाईट वेळेचं घ्या. 16 गुणिले 100, म्हणून मर्यादा 1600. त्याच पानावर ‘ट्रान्सपोर्ट ओव्हरहेडलाही मर्यादा लावा’ असा चौकोन आहे, तो मुळात रिकामा असतो. त्यावर खूण करा, नाहीतर हेडर आणि पोचपावत्यांची वाहतूक मर्यादेबाहेर राहते. µटीपीला (टॉरेंटची खास वाहतूक पद्धत, तिच्याबद्दल पुढे) मर्यादा लावण्याचा चौकोन आधीच भरलेला असतो, तो तसाच ठेवा.

लगेच पिंग पुन्हा पाहिला: 12 ते 25 मिलिसेकंद. एवढ्या एका आकड्याने निम्म्याहून जास्त त्रास संपला.

काहीजण अपलोड पार 5-10 केआयबीवर आणून ठेवायला सांगतात. तसं करू नका. टॉरेंटमध्ये जो देतो त्यालाच इतर आधी देतात. देणं बंद केलं की आपलं डाउनलोडही रोडावतं, आणि सीडिंग करायचं असेल तर त्यात मुळीच अर्थ उरत नाही. डाउनलोडची मर्यादाही लावली, पण सैल: 92 एमबीपीएसच्या साधारण 85 टक्के, म्हणजे 9500 केआयबी. खाली येणारी रांग कंपनीच्या बाजूला लागते, तिच्यावर आपला ताबा अर्धाच.

इथे एक शंका रास्त आहे. µटीपी हा प्रकार मुळात दुसऱ्यांच्या वाहतुकीला वाट देण्यासाठीच बनवला, मग ही मर्यादा कशाला? दोन कारणं. त्यातली लेडबॅट पद्धत रांगेत 100 मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर चालवून घेते, तेवढा कॉलला जाणवतो. दुसरं म्हणजे क्यूबिटटॉरेंट मुळात टीसीपी (नेटवरची नेहमीची वाहतूक पद्धत) आणि µटीपी दोन्ही वापरतं, आणि अ‍ॅडव्हान्स्ड पानावर दोन्हींच्या मेळाची सेटिंग ‘टीसीपीला प्राधान्य’ अशी असते. µटीपी नम्र असली तरी शेजारची टीसीपी रांग भरतेच. फक्त µटीपी ठेवून पाहिलं, पिंग थोडा सुधारला, पण काही पीअर (टॉरेंटमधले समोरचे संगणक) गळाले. दोन्ही ठेवून मर्यादा लावणंच बरं.

तरीही राउटर चालू-बंद केल्यावर तासभर बरं वाटणं आणि मग नवीन पानं न उघडणं, हे लक्षण उरलंच. पिंग चांगला, चालू असलेला व्हिडिओ चालूच, पण नवी साइट उघडत नाही. असं दिसलं तर ती रांग नव्हे. राउटर प्रत्येक जोडणीची नोंद नॅटच्या (एकाच बाहेरच्या पत्त्यावर घरातली सगळी यंत्रं चालवण्याची सोय) तक्त्यात ठेवतो आणि स्वस्त डब्यांमध्ये तो तक्ता लहान असतो. तो भरला की नव्या जोडणीला जागा मिळत नाही. क्यूबिटटॉरेंटची मूळ मर्यादा एकूण 500 जोडण्या आणि दर टॉरेंटला 100 अशी असते. त्यात डीएचटी (पीअर शोधण्याची सोय) सतत नवनव्या पत्त्यांना यूडीपी पद्धतीने हाका मारतं, आणि प्रत्येक हाकेची एक नोंद. टीसीपीची नोंद तर आणखी चिवट. बऱ्याच राउटरांच्या आत असलेल्या लिनक्स कर्नलमध्ये प्रस्थापित जोडणीची मुदत मुळात 4,32,000 सेकंद, म्हणजे पाच दिवस आहे. ज्या राउटरवर ती कमी केलेली नसते तिथे कधीच मेलेल्या जोडण्याही जागा अडवून बसतात.

कनेक्शन पानावर बदललं ते असं: एकूण जोडण्या 500 वरून 150, दर टॉरेंटला 40, अपलोडचे स्लॉट एकूण 12 आणि दर टॉरेंटला 4. बिटटॉरेंट पानावर रांगेची सोय चालू करून एकावेळी सक्रिय टॉरेंट 5. अ‍ॅडव्हान्स्डमध्ये दर सेकंदाला बाहेर जाणाऱ्या नव्या जोडण्या 30 असतात, त्या 10. डीएचटी बंद केलं नाही. जोडण्या आणि टॉरेंट कमी केल्यावर त्याचा भार पेलण्याजोगा झाला. आणि हे नक्की करा: आकडे बदलल्यावर राउटर एकदा रीस्टार्ट करा. जुन्या नोंदी मुदत संपेपर्यंत तक्त्यातच राहतात, त्यामुळे योग्य बदल करूनही ‘काही उपयोग नाही’ असं वाटून लोक तो उलटा फिरवतात. एकावेळी एकच आकडा बदलणं आणि मध्ये एक पूर्ण संध्याकाळ जाऊ देणं, यापेक्षा घाईची पद्धत मला सापडली नाही.

वेग कमी झाला का? नाही. 16 एमबीपीएसचं अपलोड भरायला पाचशे जोडण्या लागतच नाहीत, दहा-बारा चांगले पीअर पुरतात.

तिसरा भाग वायफायचा. डेस्कटॉप 2.4 गिगाहर्ट्झच्या वायफायवर होता. वायफायमध्ये एका चॅनेलवर एकावेळी एकच बोलतो, त्यामुळे दूरच्या खोलीतून मंद दुव्यावर अखंड अपलोड करणारं यंत्र बाकी सगळ्यांचा वेळ खातं. हे ओळखायची खूण अशी: वायफायवरच्या लॅपटॉपवरून खुद्द राउटरचा पिंग बघा. सीडिंग चालू असताना तो 3 वरून 40 ते 150 पर्यंत उड्या मारत होता. 15 मीटर कॅट-6 केबल, दोन्ही टोकांना कनेक्टर लावलेली, 420 रुपयांना आणली आणि पट्टीतून भिंतीच्या कडेने नेली. उड्या थांबल्या.

याच काळात पोर्ट, म्हणजे बाहेरच्या पीअरना आत येऊ देणारी राउटरवरची वाट, उघडण्याबद्दलही बराच सल्ला मिळाला. आधी राउटरच्या पानावर वॅन (बाहेरच्या बाजूचा) पत्ता बघा. तो 100.64 ते 100.127 यांपैकी कशाने सुरू होत असेल तर तुम्ही कंपनीच्या सामायिक नॅटच्या मागे आहात. मग घरच्या राउटरवर कितीही पोर्ट उघडा, आयपीव्ही4 वर बाहेरून कोणी येऊ शकत नाही. यावर उपाय असलेल्या स्टॅटिक आयपीला, म्हणजे आपल्या एकट्याच्या कायम पत्त्याला, वेगळे पैसे पडतात, आणि नेट अडखळण्याशी त्याचा संबंध नाही. त्याने फक्त जास्त पीअर तुमच्यापर्यंत पोचतील. पूर्ण संगणक डीएमझेडमध्ये टाकायचा, म्हणजे बाहेरच्यांना उघडा करायचा, उपाय तर कोणी फुकट सुचवला तरी घेऊ नये. मी यूपीएनपी (सॉफ्टवेअरने आपणहून पोर्ट उघडण्याची सोय) बंदच ठेवलं.

सप्टेंबरअखेर घर शांत झालं. मग दिवाळी आली. लक्ष्मीपूजनानंतर घरातल्या सगळ्या फोनांनी फोटो आणि व्हिडिओंचा बॅकअप एकदम सुरू केला आणि पिंग पुन्हा 700 वर. क्यूबिटटॉरेंट आपल्या मर्यादेत होतं, पण लाइन भरायला तेच एक लागतं असं नाही. विंडोज अपडेटही डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन नावाच्या सोयीने तुमच्याकडचे अपडेट इंटरनेटवरच्या अनोळखी संगणकांना वाटू शकतं. सेटिंग्ज, विंडोज अपडेट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स या वाटेने जाऊन दुसऱ्या संगणकांशी देवाणघेवाण बंद करा, निदान स्थानिक नेटवर्कपुरती ठेवा. फोनांना मात्र असं एकेक करून आवरता येत नाही. तिथे राउटरनेच रांग सांभाळायला हवी.

त्यासाठी ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मोफत प्रणाली) चालणारा जुना राउटर 1,500 रुपयांना घेतला. घेण्याआधी ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत मॉडेलसोबत हार्डवेअर आवृत्तीही जुळते ना ते बघा. एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांत आतला चिप पार वेगळा असू शकतो.

खरा वेळ गेला तो ओएनटी ब्रिज मोडवर घेण्यात, म्हणजे त्याने डेटा नुसता पुढे द्यावा आणि राउटरचं काम आपल्या राउटरने करावं अशी सोय करण्यात. 27 ऑक्टोबरला ईमेलने विनंती पाठवली. त्यात ग्राहक क्रमांक, नोंदणीकृत मोबाइल, नव्या राउटरचा मॅक पत्ता (यंत्राचा ओळख क्रमांक), आणि तीन गोष्टींची मागणी: पीपीपीओईचं (जोडणीच्या लॉगिनचं) युजरनेम व पासवर्ड, व्हीलॅन (कंपनीच्या लाइनवरच्या वाहतुकीचा) क्रमांक, आणि जुन्या मॅकचं बंधन सोडणं. ही तिसरी मागणी विसरू नका. अनेक ठिकाणी जोडणी पहिल्या डब्याच्या मॅकला बांधलेली असते, आणि पासवर्ड बरोबर असूनही नवा राउटर ‘ऑथेंटिकेशन फेल’ म्हणत बसतो. फोनवर ‘बाहेरचा राउटर चालत नाही’ हे उत्तर मिळालं. ‘मला ओएनटी बदलायचा नाही, फक्त त्याच्यापुढे माझा राउटर हवाय’ असं सांगितल्यावर गाडी पुढे सरकली. 3 नोव्हेंबरला माणूस आला, भेटीचे 300 रुपये, पावती मागून घेतली. ओएनटीवरून लँडलाइन चालत असेल तर ब्रिज करण्याआधी ती चालू राहील का ते विचारा, कारण व्हॉइसचं कॉन्फिगरेशन त्याच डब्यात असतं. आणि ब्रिज झाल्यावर ओएनटीचं वायफाय बंद करून घ्या.

मग नव्या राउटरवर एसक्यूएमचं (रांग आटोक्यात ठेवणारं) पॅकेज टाकलं. इथे एकक पुन्हा वेगळं: किलोबिट. सर्वांत वाईट वेळेच्या वेगाच्या 90 टक्के धरले, अपलोड 14,400 आणि डाउनलोड 82,800. रांगेची पद्धत केक, स्क्रिप्ट ‘पीस ऑफ केक’. लिंक लेयरला इथरनेट निवडून ओव्हरहेड 44. प्रगत पर्यायांत बाहेर जाणाऱ्या बाजूला ‘नॅट ड्युअल-एसआरसीहोस्ट’ आणि येणाऱ्या बाजूला ‘नॅट ड्युअल-डीएसटीहोस्ट’. हे दोन शब्द टाकले नाहीत तर वाटणी जोडण्यांच्या संख्येवर जास्त होते, आणि दीडशे जोडण्या असलेलं टॉरेंट एका कॉलपुढे पुन्हा दादागिरी करतं. ते टाकल्यावर वाटणी आधी यंत्रागणिक होते. हार्डवेअर फ्लो ऑफलोडिंग (पॅकेट प्रोसेसरला वळसा घालून पाठवण्याची सोय) बंद ठेवावं लागतं, नाहीतर पॅकेट एसक्यूएमला चुकवून निघून जातात. त्यामुळे सगळा भार प्रोसेसरवर येतो, म्हणून 300-500 एमबीपीएसच्या जोडणीला असला जुना राउटर पुरणार नाही.

टॉरेंट आणि एका फोनचा बॅकअप एकत्र चालू असताना बाहेरचा पिंग आता 11 ते 18 राहतो. 14,400 किलोबिट म्हणजे सुमारे 1,758 केआयबी, त्यामुळे क्यूबिटटॉरेंटची 1600 ची मर्यादा तशीच ठेवली आहे.

एकूण खर्च 2,220 रुपये झाला. त्यातले केबलचे 420 सोडले तर बाकीचे दिवाळीनंतरच्या भागाचे. नुसतं टॉरेंट सतावत असेल तर सेटिंग्ज आणि फार तर केबल, एवढ्यावर काम भागतं.

मासिक डेटामर्यादेचा हिशेब मात्र सीडिंग करणाऱ्याने मांडायलाच हवा. या प्लॅनमध्ये महिन्याला 3,300 जीबी आहेत आणि त्यात अपलोडही धरतात. 1600 केआयबीने दिवसरात्र अपलोड चाललं तर दिवसाला सुमारे 141 जीबी जातात, म्हणजे चोविसाव्या दिवशी कोटा संपतो. मग लाइन 2 एमबीपीएसवर येते. 2 एमबीपीएस म्हणजे जेमतेम 244 केआयबी. 1600 ची मर्यादा आणि एसक्यूएमचे आकडे दोन्ही त्याच्या कितीतरी वर, म्हणून रांगेचा सगळा त्रास जसाच्या तसा परत येतो. यासाठी क्यूबिटटॉरेंटमध्ये अपलोडची पर्यायी मर्यादा 600 केआयबी ठेवून तिचं वेळापत्रक सकाळी 9 ते रात्री 11:30 लावलं. क्यूबिटटॉरेंटच्या वेळापत्रकात दिवसातला एकच पट्टा देता येतो, त्यामुळे दुपार आणि संध्याकाळ वेगळी करता येत नाही. असं केल्यावर अगदी पूर्ण क्षमतेने चाललं तरी दिवसाला 88 जीबी, महिन्याला 2,640 च्या आसपास, आणि घराला साडेसहाशे जीबी उरतात. ज्या घरात दोन टीव्ही रोज फोर-के बघतात तिथे 600 चे 300 करा, आणि बिटटॉरेंट पानावर रेशो (अपलोड भागिले डाउनलोड) 2 झाला की टॉरेंट थांबेल अशी खूणही करून ठेवा.